डावा पाय वाकत नसेल तर विमानात कुठं बसायचं? सांबरा ते दिल्ली आणि परत

माझा डावा गुडघा साधारण ४० अंशांपर्यंत वाकतो, त्यापुढं नाही. खानापूर रोडवर स्कूटी घसरली, गुडघ्याच्या जरा वर मांडीचं हाड मोडलं, प्लेट बसली आणि सांधा आखडला तो आखडलाच. आता दुखत नाही, पण जागा मागतो. रिक्षात मी आडवी बसते, नाटकाला गेले की कडेची खुर्ची धरते, आणि बाहेर पडताना कोपराला अडकवायची एक कुबडी बरोबर असते. या पायानिशी विमानात मात्र कधी बसले नव्हते.

यंदा लेकीला मुलगी झाली. ती गुरुग्रामला असते, बारसं १२ फेब्रुवारीला ठरलं. गोवा एक्सप्रेस बेळगाववरून दिल्लीला जाते, तिचा विचार आधी केला. बर्थवर पाय लांब करून झोपता येतं, हा तिचा मोठा गुण. पण डब्याच्या उभ्या पायऱ्या आणि हलत्या गाडीतलं ते शौचालय, तेही दोन रात्री! ते काही मला झेपण्यातलं नव्हतं. २०२३ च्या ऑक्टोबरात सांबऱ्याहून, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळावरून, दिल्लीचं थेट विमान सुरू झालंय, अडीच-पावणेतीन तासांत पोचवतं. म्हटलं, अडीच तास कसंही काढू. मग लक्षात आलं की कसंही काढायचं म्हणजे नेमकं कसं, तेच ठरवायचं आहे.

ज्याला त्याला विचारलं की एकच उत्तर: "पहिली रांग घे, पुढं कोण नसतंय, पाय पसरून बस." पैसे भरण्याआधी मी शिवणाची टेप काढली. स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीला लावली, तिच्यावर बसून पाय जेवढा वाकतो तेवढा वाकवला आणि पाठीपासून टाचेपर्यंतचं अंतर मोजून घेतलं. ३६ इंच भरलं. हे दारातून बघत होते. "आता आणि काय मापं घेऊलालीस?" म्हणाले. मी म्हटलं, विमानाचं ब्लाऊज शिवायचंय.

साध्या विमानात एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत २८ ते ३० इंच असतात. कागदावर बघितलं तर माझा पाय मावतच नाही. पण पुढच्या खुर्चीखाली मोकळी जागा असते, पाय तिच्यात सरकवता येतो. पहिल्या रांगेत पुढं खुर्ची नाही, भिंत आहे. गुडघा वाकणाऱ्या माणसाला ती जागा ऐसपैस वाटते. न वाकणारा पाय टाचेनं भिंतीला भिडतो आणि तिथंच अडकतो, खाली सरकायला काही नसतं. शिवाय पहिल्या रांगेत खायचं टेबल हाताच्या दांडीत घडी करून ठेवलेलं असतं, म्हणून त्या दांड्या वर उचलता येत नाहीत. माझ्यासारखीला आत-बाहेर करायला दांडी उचलणं फार गरजेचं. पहिली रांग तिथंच बाद झाली.

आपत्कालीन दरवाजाजवळच्या रांगेत जागा भरपूर असते, पण ती आपल्यासाठी नाहीच. तिथं बसणाऱ्याला वेळ आली तर दरवाजा उघडून इतरांना मदत करावी लागते. मदत लागणाऱ्या प्रवाशाला तिथं बसवत नाहीत, जास्तीचे पैसे भरायची तयारी असली तरी. हा नियम मला पटतो.

राहिल्या मधल्या रांगा आणि खरा प्रश्न, कुठल्या कडेला बसायचं? याबद्दल मला कुणीच काही सांगितलं नव्हतं, आणि या लेखात फक्त एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल. कॅलेंडरच्या पानामागं विमान काढलं, नाक वरच्या बाजूला. तीन-तीन खुर्च्यांच्या विमानात डावीकडं ए, बी, सी, मधे वाट, उजवीकडं डी, ई, एफ. सीवर बसलं तर वाट आपल्या उजव्या हाताला येते. डीवर बसलं तर डाव्या हाताला. म्हणजे डावा पाय आखडलेल्यानं डी घ्यायची आणि उजवा आखडलेल्यानं सी. उलट घेतली तर वाटेची खुर्ची मिळूनही काही उपयोग नाही, ताठ पाय शेजाऱ्याच्या पायांत जातो आणि चांगला पाय वाटेकडं मजेत बसतो.

६ जानेवारीला मुलाकडून तिकीट काढून घेतलं. विमानाचा दरवाजा पुढं, म्हणून चालणं कमी पडावं अशी पाचवी रांग: ५ डी मला, ५ ई यांना. माझ्या जागेचे ४०० रुपये आणि यांच्या जागेचे २५० वेगळे पडले. हे आकडे कंपनीप्रमाणं आणि दिवसाप्रमाणं बदलतात, तेव्हा माझ्या आकड्यांवर जाऊ नका. मधली खुर्ची घरच्या माणसानं घेतली की आपला अर्धा भार हलका होतो. परक्या माणसाला दर वेळी "जरा थांबा हं" म्हणायला नको.

तिकीट झालं तरी व्हीलचेअर आपोआप येत नाही. ती मागावी लागते, आणि निदान ४८ तास आधी कळवायचं असतं. मी आठवडाभर आधीच फोन केला. वीस-बावीस मिनिटं वाजंत्री ऐकल्यावर एक मुलगी आली, हिंदीत बोलली. व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात, हे तुम्हाला ठाऊक असलं तर तुमचा वेळ वाचेल. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, विमानात चालता येतं, फक्त लांबचं अंतर जमत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही जमत नाही, पण विमानात आपल्या खुर्चीपर्यंत चालत जाता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे खुर्चीपर्यंतही न्यावं लागतं. त्या मुलीनं मला न विचारता पहिला प्रकार टाकला. मी तिला सांगितलं, "बेटा, मैं घर की चार सीढ़ियाँ चढ़ती हूँ, हवाई जहाज़ की नहीं," आणि दुसरा प्रकार टाकायला लावला. मग सुधारलेलं तिकीट ईमेलवर मागवून त्यावर ती अक्षरं डोळ्यांनी बघितली. फोनवरच्या "हो गया मॅडम"वर जाऊ नका. व्हीलचेअरचे पैसे पडले नाहीत.

आमच्या हाडाच्या डॉक्टरांकडं एक चक्कर मारली, तपासणी फी ३०० रुपये. ऑपरेशन जुनं असल्यानं उडायला हरकत नाही म्हणाले. पाय लोंबकळत एका जागी ठेवला की पोटरीत रक्ताची गाठ व्हायची भीती असते, म्हणून दर अर्ध्या तासानं पंजा वर-खाली करायचा, पाणी पीत राहायचं. ऑपरेशन ताजं असेल किंवा पाय प्लास्टरमध्ये असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तिकीटच काढू नका. अशा वेळी कंपनीही कागद मागते. मी पायात प्लेट असल्याची चिठ्ठी मात्र लिहून घेतली, डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्ससकट.

८ फेब्रुवारी. बेळगावातल्या शहापूरहून सांबऱ्याला टॅक्सीचे ६०० रुपये झाले. बागलकोट रोडला गर्दी असते, पण आम्ही दोन तास आधी पोचलो. दारातच व्हीलचेअर सांगितली, दहा मिनिटांत एक पोरगा घेऊन आला. काउंटरवरच्या मुलीला मी स्वतःच सांगितलं की डावा पाय वाकत नाही, ५ डी बदलू नका. ती हसून म्हणाली, "नाही बदलत काकू."

तपासणीत प्लेट वाजली. वाजणारच. कुबडी यंत्रातून पलीकडं गेली. तिच्याशिवाय उभं राहता येत नाही असं सांगितल्यावर मला खुर्चीतच बसू दिलं. पडद्याआड एका महिला शिपाईनं हातातलं यंत्र पायावरून फिरवलं, हातानं चाचपलं, चिठ्ठीकडं नजर टाकली आणि सोडलं. चिठ्ठी दाखवली म्हणून तपासणी टळत नाही, फक्त प्रश्न कमी होतात. सैलसर सलवार घातली होती, त्याचा फायदा झाला. साडीत हे सगळं अवघड गेलं असतं.

सांबऱ्याला टर्मिनलमधून थेट विमानात नेणारा पूल नाही. धावपट्टीच्या बाजूनं उघड्यावरून जायचं आणि वर चढायचं. आमच्या विमानाला नागमोडी उतार लावला होता, खुर्ची ढकलत वर नेली. ढकलणारे दोघं होते, वळणावर त्यातला थोरला धाकट्याला कानडीत "निधान, निधान" (हळू, हळू) म्हणत होता आणि मग माझ्याकडं बघून, "हेदरबेडी अम्मा" (घाबरू नका). मी घाबरले नव्हते, पण दांडी घट्ट धरली होती हे खरं. उताराऐवजी शिडी असती तर उचलून नेणारी गाडी लागली असती. तिकिटावर एस लिहून घेतलं होतं ते यासाठीच.

आत गेल्यावर पहिलं काम दांडीचं. वाटेकडची दांडी वर उचलता येत नाही असं वाटतं, पण बऱ्याच रांगांत ती उचलता येते. हवाई सुंदरीला विचारलं, तिनं दांडीच्या खाली, मागच्या बिजागरीजवळ बोट घातलं, कट्ट झालं आणि दांडी पाठीला जाऊन टेकली. ती कळ वरून दिसतच नाही. मग मी वाटेत पाठमोरी उभी राहिले, आधी बूड टेकवलं, पाय वाटेतच ताठ, हातांनी रेटा देत आत सरकले आणि शेवटी पाय ओढून घेतला. दांडी खाली असती तर तिच्यावरून पाय घालायला सर्कशीतली बाई व्हावं लागलं असतं.

पाय ओढून घ्यायची माझी एक युक्ती आहे. जुन्या सुती ओढणीचा फास करून तळव्याखाली अडकवते आणि दोन्ही टोकं हातात धरते. वाकून हातानं पोटरी उचलायला विमानात जागाच नसते, ओढणीनं बसल्या बसल्या पाय आत-बाहेर होतो. आमच्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी व्यायामाला शिकवलेलं, इथं कामाला आलं.

विमान सुटताना आणि उतरताना पाय वाटेत चालत नाही. तेव्हा तो पुढच्या खुर्चीखाली तिरका सरकवला. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पायाशी पिशवी ठेवायची नाही, सगळं वर टाकायचं. आणि कमरेमागं छोटी उशी घ्यायची, म्हणजे माणूस चार बोटं पुढं सरकतो आणि टाच जमिनीला लागते. उशी नसली तर टाच अधांतरी राहते आणि मांडीला रग लागते. खुर्चीखालचे लोखंडी पाय कुठं येतात ते आधी चाचपून घ्या, माझी करंगळी आधी तिथंच ठेचली. कुबडीही वरच्या कप्प्यात गेली. ती पायाशी ठेवू देत नाहीत.

वर गेल्यावर पट्ट्याचा दिवा विझला तसा पाय वाटेत एक वीतभर बाहेर काढला. काय सुख! पण वाटेत पाय म्हणजे पहारा करणं आलं. खाण्याची गाडी मागून आली तर दिसत नाही, चाकांचा खडखडाट ऐकून ओढणी ओढायची. शौचालयाकडं जाणारी माणसं मोबाईलमध्ये बघत येतात. हे मधल्या खुर्चीवरून मागं बघून सांगायचे, "आली, घे आत." मी झोपायचं नाही असंच ठरवलं होतं. शौचालयाचं तर विचारू नका. आतली जागा एवढीशी, पाय ताठ ठेवून दार लागेल असं मला वाटत नाही. विमानतळावरचं अपंगांसाठीचं मोठं शौचालय वापरून मगच चढले.

दिल्लीत सगळे उतरल्यावर आमचा नंबर. व्हीलचेअरवाले चढताना पहिले आणि उतरताना शेवटचे, हे धरून चाला. खुर्ची यायला आणखी वेळ गेला. बाहेर लेक आणि जावई ताटकळले होते. बारसं छान झालं, त्यावर वेगळं लिहीन.

परतीच्या तारखेला, २७ फेब्रुवारीला, थेट विमान फार महाग होतं म्हणून दिल्ली–बेंगळुरू आणि बेंगळुरू–सांबरा असं काढलं होतं. मधे तीन तास ठेवले होते. उतरताना शेवटचा नंबर लागतो, त्यामुळं तासाभराची जोडणी आपल्याला परवडत नाही.

पहिला टप्पा बिनघोर गेला. दुसऱ्याची गोष्ट वेगळी. निघायच्या चार दिवस आधी मेसेज आला होता, विमान बदललंय. मोठ्याऐवजी पंख्याचं एटीआर येणार. त्यात खुर्च्या दोन-दोन असतात, बी आणि ई नसतातच. मी पैसे भरून घेतलेली ६ डी गेली आणि संगणकानं मला २ एफ दिली. खिडकीची, पुढची. बघणाऱ्याला वाटेल, वा! माझ्या दृष्टीनं यापेक्षा वाईट खुर्ची त्या विमानात नव्हती. उजवीकडं भिंत, डावा पाय यांच्या अंगावर. आणि एटीआरमध्ये प्रवाशांचा दरवाजा मागं असतो, पुढच्या बाजूला सामान ठेवतात. म्हणजे मागून चढून अख्ख्या विमानातून चालत दुसऱ्या रांगेपर्यंत जायचं आणि तेवढंच परत यायचं.

फोन केला. तिकडचा मुलगा म्हणे, "मॅम, आपको तो फ्रंट सीट मिला है." दरवाजा मागं आहे हे त्याला पटेचना. शेवटी विमानतळावर बघा म्हणाला. लेकीनं लगेच जुन्या आणि नव्या खुर्चीचा फोटो काढून ठेवला.

बेंगळुरूला तीन तास होते म्हणून निभावलं. काउंटरवर गेलो आणि मी पाढा म्हटल्यासारखं म्हटलं: डावा गुडघा वाकत नाही, वाट डाव्या हाताला पाहिजे, दरवाजाजवळ पाहिजे, म्हणून मागच्या रांगेतली डी. काकुळतीला येऊन "काहीतरी करा" म्हणण्यापेक्षा हे बरं. समोरच्या बाईंना नेमकं काय हवं ते कळलं. त्यांनी सांगितलं की छोट्या विमानात पुढं-मागं वजन सांभाळावं लागतं, म्हणून आत गेल्यावर आपल्या मनानं जागा बदलू नका, इथंच बघते. सतराव्या रांगेतली डी कुणा मुलाची होती. त्याला बोलावून विचारलं. बेळगावच्याच टिळकवाडीचा निघाला, शिकायला बेंगळुरूला असतो. "घ्या की काकू, मला काय, खिडकी मिळूलालीय," म्हणाला. यांना माझ्या शेजारची १७ एफ मिळाली.

एटीआरची शिडी दाराच्याच आत असते, पाच-सहा पायऱ्यांची, अरुंद. त्या दिवशी उतार लावलेला नव्हता. उचलणारी गाडी मागवू का विचारलं. पायऱ्या थोड्या आणि हाताला कठडा होता, म्हणून मीच नको म्हटलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना आखडलेला आधी, आणि मागून हे. तुम्हाला खात्री नसेल तर गाडीच मागा, मागची माणसं थांबतात. आत मात्र सतरावी रांग चार पावलांवर होती. वरचे कप्पे छोटे, कुबडी तिरकी बसवली. वाट इतकी चिंचोळी की पाय बाहेर काढायची सोय नाहीच, पण तासाभराचाच प्रवास, पुढच्या खुर्चीखाली निभावला. सांबऱ्याला आम्ही लवकर बाहेर पडलो.

२ मार्चला कंपनीला ईमेल केला. जागेचे पैसे घेतले, ती जागा दिली नाही, सोबत फोटो. ठोकळेबाज उत्तर आलं, परत लिहिलं. १९ मार्चला ६ डीचे ३५० रुपये कार्डावर जमा झाले. यांच्या खुर्चीचे अजून यायचेत.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा उजवा गुडघा असाच आहे, त्यांना मेमध्ये मुंबईला मुलाकडं जायचंय. त्यांनी माझं ऐकून डी मागायची असंच ठरवलं होतं. त्यांना सी घ्यायला सांगितलं. सांबऱ्याहून स्टार एअरची एम्ब्राएर विमानंही जातात. त्यातल्या एम्ब्राएर १४५ मध्ये डावीकडं एकेकच खुर्ची असते, खिडकी आणि वाट दोन्ही तिचीच, आणि वाट उजव्या हाताला. काकूंच्या पायाला ती नेमकी बसते. मात्र त्यांच्याकडं दुसऱ्या मापाची एम्ब्राएरही आहेत, दोन-दोन खुर्च्यांची. तेव्हा तिकिटावर विमानाचं नाव काय आहे ते आधी बघायचं, आणि निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा बघायचं.